संगणकाची रोजकीर्द आणि तिचा संक्षेप



पेढी म्हटली की रोजकीर्द आली. दिवसभरात जे जे घडले ते घडल्या क्रमाने लिहावे, त्यात खाडाखोड करू नये, आणि पुढे कधी वाद उद्भवला तर त्या वहीकडे बोट दाखवावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. संगणकही अशीच एक रोजकीर्द अखंड लिहीत असतो. कोण आले, कोणत्या वेळी आले, काय मागितले, ते मिळाले की नाही, याची एकेक ओळ तो नोंदवून ठेवतो. या नोंदींच्या फाइलीला ‘लॉग’ असे म्हणतात. परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ ऐन वेळी बंद का पडले, बँकेच्या खात्यातून पैसे कोणी व केव्हा काढले, एखाद्याचे गुण कोणाच्या नावाने बदलले गेले, अशा प्रश्नांची उत्तरे याच फाइलींत सापडतात. लॉग नसेल तर उरतो केवळ तर्क.

अडचण एवढीच की ही वही फार लवकर भरते. म्हणून ती कोठे ठेवावी आणि कशी दाबून ठेवावी, हा संगणकशास्त्रातील एक व्यवहारी व महत्त्वाचा प्रश्न झाला आहे. त्यामागील गणित सुंदर आहे आणि त्यातील चुका महागात पडणाऱ्या आहेत. प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या आधारे काही निर्देश काढले. त्यांनुसार सेवा पुरविणाऱ्या संस्था, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या सर्व संगणक-यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांपर्यंत सुरक्षित राखणे बंधनकारक झाले. लघु व मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून देण्यात आली होती. म्हणजे हा प्रश्न केवळ बड्या कंपन्यांचा राहिलेला नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जयेंद्रगंज ही दुकाने व कार्यालये यांची गजबजलेली वस्ती आहे. तेथे एखादी छोटी संस्था गावातील दुकानदारांना बिले करण्याची सोय पुरवते असे समजा. तिचे २० सर्व्हर आहेत आणि प्रत्येक सर्व्हर दिवसाला १०० एमबी लॉग लिहितो. रोजचे झाले २ जीबी, आणि १८० दिवसांचे ३६० जीबी. साठ्याचे भाडे एका जीबीला महिना २ रुपये धरले तर हे ७२० रुपये होतात. रक्कम किरकोळ वाटेल. परंतु याच्या हजारपट काम असलेल्या संस्थेला महिना ७,२०,००० रुपये मोजावे लागतील, आणि ते फक्त जुन्या वह्या कपाटात ठेवण्याचे! लॉग दहापट आक्रसले तर हाच खर्च अनुक्रमे ७२ आणि ७२,००० रुपयांवर येतो. साध्या मजकुराच्या लॉगमध्ये आठ-दहा पट संक्षेप ही नेहमीची गोष्ट आहे. ती कशी साधते ते आता पाहू.

संक्षेप कशामुळे शक्य होतो?

१९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माहितीचे मोजमाप करणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचा गाभा असा : जी गोष्ट आधीच अपेक्षित असते ती सांगण्यात माहिती थोडी असते, आणि जी अनपेक्षित असते ती सांगण्यात माहिती पुष्कळ असते. ‘सूर्य पूर्वेला उगवला’ या बातमीला कोणी तार करीत नाही.

लॉगच्या ओळी बहुतांशी अशाच अपेक्षित असतात. सर्व्हर प्रत्येक मागणीला एक अंकी संकेत देतो : २०० म्हणजे काम झाले, ३०४ म्हणजे काही बदल नाही, ४०४ म्हणजे वस्तू सापडली नाही, ५०० म्हणजे आमच्याकडेच बिघाड आहे. समजा १०० ओळींत हे संकेत अनुक्रमे ८०, १०, ६ आणि ४ वेळा आले. प्रत्येक संकेत तीन अक्षरी मजकूर म्हणून लिहिला तर २४ बिट लागतात, म्हणजे एकूण २,४०० बिट. चारच पर्याय आहेत हे ओळखून प्रत्येकाला २ बिट दिले तर २०० बिट पुरतात. पण यापुढेही जाता येते.

१९५१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षा किंवा निबंध असा पर्याय दिला होता. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला आणि प्रत्यक्ष गुरूंच्या पद्धतीहून सरस अशी पद्धत शोधून काढली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे तत्त्व साधे आहे. जे वारंवार येते त्याला आखूड खूण द्यावी, जे क्वचित येते त्याला लांब. आपल्या उदाहरणात २०० ला १ बिट, ३०४ ला २ बिट, आणि ४०४ व ५०० यांना प्रत्येकी ३ बिट मिळतात. बेरीज करा : ८० अधिक २० अधिक १८ अधिक १२, म्हणजे १३० बिट. शॅननच्या सूत्राने या मजकुराची खालची मर्यादा काढली तर ती सुमारे १०२ बिट येते. प्रत्येक संकेत सुटा, मागच्यापुढच्याशी संबंध नसलेला धरला तर याहून खाली कोणालाही जाता येणार नाही. हे गणित वाचकांनी कागदावर स्वतः करून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि विषय कायमचा समजतो.

‘वरीलप्रमाणे’ ही युक्ती

हफमनची रीत एकेका चिन्हाचा विचार करते. लॉगमध्ये मात्र संपूर्ण ओळीच्या ओळी पुन्हा येतात. एका निकालाच्या संकेतस्थळाच्या दोन ओळी पाहा :

१०:१५:०२ निकाल पाहिला, आसन क्रमांक १२०४५
१०:१५:०२ निकाल पाहिला, आसन क्रमांक १२०४६

हिशेबनीस दुसरी ओळ पूर्ण लिहील काय? तो खाली दोन टिंबे देऊन ‘वरीलप्रमाणे’ असे दर्शवील आणि शेवटचा ६ तेवढा लिहील. इस्राएलमधील अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव यांनी १९७७ साली नेमकी हीच गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. ‘इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी अक्षरे उचल’ अशी दोन अंकांची जोडी लिहिली की काम भागते. फिल कॅट्झ यांच्या ‘डिफ्लेट’ या रीतीत लेम्पेल-झिव आणि हफमन या दोन्ही कल्पना एकत्र आल्या, आणि जाँ-लू गाई व मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ मध्ये तयार केलेल्या ‘जीझिप’ने ती घरोघर पोचवली. आजही पुष्कळ लॉग याच रीतीने दाबले जातात.

या रीतीची एक मर्यादा ध्यानी घ्यावी. डिफ्लेट फार तर ३२,७६८ बाइट मागे पाहू शकते. याला ‘खिडकी’ म्हणतात. एक ओळ १५० बाइटांची धरली तर सुमारे २१८ ओळीच खिडकीतून दिसतात. वीस निरनिराळ्या सेवांचे लॉग एकमेकांत मिसळून एकाच फाइलीत ओतले तर एका सेवेच्या वाट्याला जेमतेम अकरा ओळी येतात आणि ‘वरीलप्रमाणे’ म्हणायला जागाच राहत नाही. म्हणून एका प्रकारचे लॉग एकत्र ठेवून मग दाबावेत. काहीही खर्च न करता फाइल लहान होते.

२०१६ मध्ये याँ कोलेत यांनी फेसबुकसाठी केलेली ‘झेड-स्टँडर्ड’ ही रीत सर्वांना खुली झाली. तिची खिडकी कितीतरी मोठी असून लांब पल्ल्याचा पर्याय दिल्यास ती १२८ एमबीपर्यंत जाते. शिवाय ती जीझिपपेक्षा वेगानेही चालते. ‘बीझिप-टू’ आणि ‘एक्सझेड’ या रीती साधारणपणे जीझिपहून अधिक दाबतात, पण वेळ फार घेतात. ‘एलझेड-फोर’ विजेसारखी चालते, पण कमी दाबते. नव्या कामासाठी झेड-स्टँडर्ड आणि सर्वत्र वाचता येण्यासाठी जीझिप, असा ढोबळ नियम सध्या धरण्यास हरकत नाही.

मराठी, कन्नड आणि तीनपट बाइट

आपल्या भाषांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या प्रचलित मांडणीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी आणि कन्नड यांच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘ग्वाल्हेर’ या शब्दात हलन्त व मात्रा धरून नऊ चिन्हे आहेत. म्हणजे २७ बाइट झाले. हाच शब्द संकेतस्थळाच्या पत्त्यात आला तर प्रत्येक बाइट तीन रोमन अक्षरांनी लिहिण्याची पद्धत आहे, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये तो तसाच उतरतो. एका शब्दाचे ८१ बाइट! रोमन लिपीतील ग्वाल्हेरला सातच पुरतात.

यावरून कोणी ‘आपल्या लिप्या संगणकाला परवडत नाहीत’ असा निष्कर्ष काढील तर तो घाईचा ठरेल. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. कन्नडमध्ये पहिला तोच, दुसरा १७८ किंवा १७९. म्हणजे तिसऱ्या बाइटातच खरी माहिती असते. पहिल्या दोहोंत बहुतेक काहीच अनपेक्षित नाही. आणि जे अपेक्षित असते ते संक्षेपात जवळजवळ फुकट जाते, हे आपण वर पाहिलेच. त्यामुळे दाबल्यानंतर मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकुरांतील अंतर पुष्कळ कमी होते. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनी हा प्रयोग स्वतःच्या लेखावर करून पाहावा. फाइल दाबण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकार ताडून पाहिला की झाले.

सर्व काही दाबता येते काय?

येथे एक छोटासा सिद्धांत सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक फाइल लहान करणारी आणि पुन्हा जशीच्या तशी परत देणारी रीत असूच शकत नाही. सिद्धता दोन ओळींची आहे. ‘न’ बिटांच्या एकूण फाइली २ चा न-वा घात इतक्या असतात. त्याहून आखूड अशा सर्व फाइलींची संख्या याहून एकाने कमी भरते. तेव्हा सगळ्यांना आखूड घर द्यायचे म्हटले तर निदान दोघांना एकाच घरात राहावे लागेल, आणि परत येताना कोण कोण हे ओळखता येणार नाही.

यातून दोन व्यावहारिक नियम निघतात. एक : दाबलेली फाइल पुन्हा दाबून काही लाभ नाही. दोन : गुप्त करायची असेल तर आधी दाबावी आणि मग कुलूपबंद करावी. कूटबद्ध झालेला मजकूर यदृच्छेने लिहिल्यासारखा दिसतो, त्यात पुनरावृत्ती उरत नाही, आणि नंतर कितीही दाबले तरी तो लहान होत नाही. हा क्रम उलटा करणाऱ्यांची संख्या आपल्याला वाटते तितकी लहान नाही.

मेघातील कोठार

आता साठ्याकडे वळू. ‘क्लाउड’ हा शब्द कितीही हवेतला असला तरी माल जमिनीवरच असतो. अ‍ॅमेझॉनने आपली ‘एस-थ्री’ ही साठवण-सेवा १४ मार्च २००६ रोजी सुरू केली आणि २०१६ मध्ये मुंबईत आपले केंद्र उघडले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे केंद्रे सुरू केली. आपल्या जयेंद्रगंजातील संस्थेच्या वह्या अशाच एखाद्या कोठारात जातील.

अशा साठ्याला ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’ म्हणतात. त्याचे वर्तन घरच्या संगणकातील डिस्कसारखे नसते. तेथे प्रत्येक वस्तू म्हणजे मोहोर लावलेली थैली समजावी. थैलीवर नावाची चिठ्ठी असते. थैली संपूर्ण ठेवता येते, संपूर्ण किंवा तिचा एखादा भाग मागवता येतो. परंतु सर्वसाधारणपणे ठेवलेल्या थैलीत मागून आणखी एक कागद सरकवता येत नाही. बदल करायचा तर नवी थैली करावी लागते. लॉग मात्र सतत वाढणारा असतो. तेव्हा तो काही काळ सर्व्हरवर जमवून, दाबून, मग थैलीत घालणे ओघानेच आले. पण किती काळ जमवावा?

हाच खरा कळीचा प्रश्न आहे. आपल्या संस्थेने दर मिनिटाला एक थैली पाठवली असे समजा. १०० एमबी भागिले १,४४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ७० केबी मजकूर, आणि दाबल्यावर ७ केबी. वीस सर्व्हरांच्या मिळून दिवसाला २८,८०० थैल्या झाल्या, १८० दिवसांत ५१,८४,०००. खरा माल केवळ ३६ जीबी. आता पैसे वाचवण्यासाठी तो एस-थ्रीच्या ‘क्वचित लागणाऱ्या’ स्वस्त श्रेणीत ठेवला. त्या श्रेणीत १२८ केबीहून लहान वस्तूलाही १२८ केबीचेच भाडे पडते. गुणाकार करा : भाडे सुमारे ६३३ जीबीचे! मूळ, न दाबलेला माल ३६० जीबीच होता. म्हणजे दाबून मिळवलेले सारे गेले आणि वर दंड भरावा लागला. शिवाय प्रत्येक थैली ठेवण्याच्या विनंतीलाही आकार पडतो, आणि थैल्या लाखोंनी असल्या की हा आकार मालाच्या भाड्यालाही मागे टाकतो. आणखी असे की ७० केबीच्या तुकड्यात ‘वरीलप्रमाणे’ म्हणण्यास मागे मजकूरच थोडा असतो, त्यामुळे संक्षेपही हलका होतो.

दर तासाला थैली केली तर? प्रत्येक थैली सुमारे ४०० केबीची, दिवसाला फक्त ४८०. भाडे खऱ्या मालाचेच पडते. हिशेब सुटला असे वाटते.

परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. सर्व्हरमध्ये चोरून शिरणारा मनुष्य पहिल्यांदा काय करतो? तो आपल्या पाऊलखुणा पुसतो, म्हणजे लॉग पुसतो. तासभर लॉग सर्व्हरवरच पडून राहिला तर त्याला तासभर संधी मिळाली. यंत्र अचानक बिघडले तरी तोच तास नाहीसा होतो, आणि नेमका तोच तास आपल्याला हवा असतो. तेव्हा पैशाचा हिशेब म्हणतो थांबा, आणि सुरक्षेचा हिशेब म्हणतो घाई करा.

यातून मध्यम मार्ग असा काढतात. लॉग घडताक्षणी सर्व्हरबाहेर, दुसऱ्या एका संग्राहक यंत्राकडे पाठवावेत. तेथे ते सेवावार जमवून, दाबून, दहा-पंधरा मिनिटांनी किंवा ठरावीक आकार होताच साध्या श्रेणीत ठेवावेत. पुढे रात्री या लहान थैल्या एकत्र करून मोठी थैली करावी आणि ती स्वस्त श्रेणीत न्यावी. एस-थ्रीमध्ये २०१८ पासून ‘ऑब्जेक्ट लॉक’ची सोय आहे. तिच्यामुळे ठरावीक मुदतीपर्यंत ती वस्तू पुसता किंवा बदलता येत नाही. रोजकीर्दीत खाडाखोड नको, हा पेढीवरचा नियम यंत्राने पाळण्याची ही रीत होय.

शोधणाऱ्याचा विचार

दाबून ठेवलेला लॉग कोणीतरी कधीतरी उघडणार आहे, आणि बहुधा तो संकटाच्या वेळी उघडणार आहे, हे विसरू नये. जीझिपची फाइल मधूनच वाचता येत नाही. पहिल्यापासून उलगडत यावे लागते, कारण प्रत्येक ‘वरीलप्रमाणे’ मागच्या मजकुरावर टेकलेले असते. पन्नास जीबीच्या एका लॉगमधून पाच मिनिटांचा भाग हवा असेल तर सारा उलगडत बसण्यात बराच वेळ जाईल.

यावर उपाय जीझिपच्या नियमांतच आहे. स्वतंत्रपणे दाबलेले अनेक तुकडे एकापुढे एक जोडले तरी ती वैध जीझिप फाइलच राहते. तेव्हा एकेका एमबीचे तुकडे वेगवेगळे दाबावेत, जोडावेत, आणि कोणता तुकडा कोणत्या बाइटापासून व कोणत्या वेळेपासून सुरू होतो याची छोटी अनुक्रमणिका शेजारी ठेवावी. थैलीचा हवा तेवढाच भाग मागवता येतो, हे वर सांगितलेच आहे. संक्षेप किंचित कमी होतो, पण शोध कितीतरी पटींनी जलद होतो. शिवाय एखादा तुकडा खराब झाला तरी पुढचे शाबूत राहतात.

दुसरा उपाय रोजकीर्दीवरून खतावणी घालण्याचा. रोजकीर्द घडल्या क्रमाने असते, खतावणी खातेवार असते. ‘पार्के’ या नावाची, २०१३ मध्ये पुढे आलेली मांडणी हेच करते : सर्व वेळा एका स्तंभात, सर्व संकेत दुसऱ्या, सर्व पत्ते तिसऱ्या. एकाच जातीची माहिती शेजारी आल्याने ती अधिक आक्रसते, आणि केवळ ५०० चे संकेत शोधायचे असतील तर तेवढाच स्तंभ वाचावा लागतो. मात्र मूळ रोजकीर्द टाकून फक्त खतावणी ठेवणे पुराव्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

आणखी एक इशारा. अतिस्वस्त, ‘गोठवलेल्या’ श्रेणींत माल परत मिळण्यास तास लागतात. एस-थ्रीच्या ‘डीप आर्काइव्ह’ श्रेणीत नेहमीच्या मार्गाने बारा तासांपर्यंत थांबावे लागते, आणि तेथे किमान १८० दिवसांचे भाडे पडतेच. चालू महिन्याचे लॉग तेथे ठेवणे म्हणजे अग्निशामक बंब परगावी ठेवण्यासारखे आहे.

संक्षेप हा वाचणाऱ्याशी केलेला करार

संक्षेपाची कला आपल्याकडे संगणकाबरोबर आलेली नाही. मोडीतले जुने कागद पाहा. ‘राजमान्य राजश्री’ याचे ‘रा. रा.’, ‘मुक्काम’ याचे ‘मु॥’, तारखेपूर्वी चंद्रासाठी नुसते ‘छ’. जे वारंवार येते त्याला आखूड खूण, हा हफमनचा नियम कारकुनांनी अनुभवाने शोधला होता. ते लिहिणाऱ्याला सोयीचे होते, आणि समोर वाचणाराही त्याच तालमीतला होता.

पण आज काय स्थिती आहे? पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत कोट्यवधी कागद बांधलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. महादजी शिंदे यांची कागदपत्रेही त्यांनीच संपादिली आणि ती १९३७ मध्ये ग्वाल्हेरहून प्रसिद्ध झाली. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ जेथे स्थिरावला आणि ज्याचे पुढे लष्कर हे शहर झाले, त्या ग्वाल्हेरीतही मराठी कारभाराचा मोठा भाग मोडीतच चालला. कागद शाबूत आहेत, शाई टिकली आहे. परंतु ते वाचू शकणारे थोडे उरले आहेत. साठा राहिला आणि किल्ली दुर्मिळ झाली.

संगणकाच्या वहीवरही हीच पाळी येऊ शकते. म्हणून संक्षेपाची अशी रीत निवडावी जिचे नियम उघडपणे छापलेले आहेत आणि जी कोणालाही नव्याने लिहिता येईल. जीझिपची व्याख्या १९९६ पासून आणि झेड-स्टँडर्डची २०१८ पासून जाहीर मानकांत उपलब्ध आहे. एखाद्या संस्थेने घरगुती, गुपित रीत वापरून आणखी पाच टक्के वाचवले, आणि ती रीत जाणणारा एकमेव कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर ती बचत नव्हे. झेड-स्टँडर्डमध्ये लहान फाइलींसाठी वेगळा ‘शब्दकोश’ वापरण्याची सोय आहे. ती उपयुक्त असली तरी तो कोश हरवला की त्यावर आधारलेल्या फाइली वाचता येत नाहीत. कोश वापरलाच तर तो फाइलींच्या शेजारी आणि एकाहून अधिक ठिकाणी ठेवावा.

तसेच, दाबलेली फाइल उलगडून, तिची तपासणी-बेरीज मूळाशी जुळवून पाहिल्याखेरीज मूळ फाइल पुसू नये. जीझिप प्रत्येक तुकड्याच्या शेवटी अशी बेरीज लिहूनच ठेवते. ती पाहण्याचे कष्ट तेवढे आपण घ्यायचे. आणि संक्षेप म्हणजे गुप्तता नव्हे, हेही ध्यानी असावे. लॉगमध्ये लोकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, पत्ते उतरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. जे नोंदवण्याची गरज नाही ते मुळात नोंदवूच नये. सर्वांत चांगला संक्षेप तोच.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या एखाद्या बँकेत, विद्यापीठात, नगरपालिकेत किंवा जयेंद्रगंजासारख्या पेठेतील छोट्या कार्यालयात संगणकांची व्यवस्था पाहतील. तेथे ‘जुने लॉग पुसून टाका, जागा होईल’ असा सोपा सल्ला कोणीतरी देईल. त्या वेळी कागद-पेन्सिल घ्यावी, वरच्यासारखा हिशेब मांडावा आणि दाखवून द्यावे की वही न फाडताही कपाटात जागा होते. ज्या विद्यार्थ्याचे गुण चुकीने बदलले गेले, ज्या खातेदाराचे पैसे त्याच्या नकळत गेले, त्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार पुष्कळदा ही एकच वही असते. तिला दाबावे जरूर, पण अशा रीतीने की बोलावल्याबरोबर तिने उभे राहून जसे घडले तसे सांगावे.